बबलवाली पाकिटं आणि आमचे इवाई

आपटून पाहिल्याशिवाय कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, असं व्रत घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला इवाई म्हणून आला. इवाई म्हणजे व्याही, इहीन म्हणजे विहीण. आम्ही विदर्भातून भिलाईकडं आलेली माणसं अजून इवाई-इहीनच म्हणतो. माझी मुलगी वैशाली त्यांच्या घरात दिली आहे. त्यांचं घर भिलाईत जुनवानीला, माझं दुर्गला मोहन नगरात. मध्ये एवढं अंतर आहे म्हणून आपलं नातं टिकलं, असं मी त्यांना तोंडावर सांगते, आणि ते गंभीरपणे मान हलवतात. चौतीस वर्षं ते भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये रेल्वेचे रूळ तपासायला होते. रुळाचा तुकडा ठेवायचा, त्याच्यावर उंचावरून भलंमोठं वजन सोडायचं, आणि तो मोडला नाही तरच बाकीचा माल पुढं जाऊ द्यायचा. चौतीस वर्षं हेच केलेला माणूस रिटायर होऊन घरी आला की काय करणार? घरातल्या बादल्या, स्टुलं, चपला, मोबाइलचं कव्हर, नवा पंखा, कशालाच त्यांनी सोडलं नाही. जुनवानीच्या बाजारातला टरबूजवाला त्यांना लांबून पाहिलं की चांगला माल ताडपत्रीखाली ढकलतो. टरबूज सगळेच वाजवून पाहतात. आमचे इवाई गुडघ्याइतक्या उंचीवरून ते सोडून पाहतात.

मुलगी पाहायला आले तेव्हाच मला हे कळायला हवं होतं. सगळे पोहे खाऊन राहिले होते, मुलाची आई वैशालीला शिक्षण विचारत होती, आणि हे गृहस्थ उठून आमच्या लोखंडी कपाटापाशी गेले. बोटाच्या पेरानं तीन ठिकाणी ठोकलं आणि म्हणाले, "पत्रा पातळ हाये." माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला. कपाट आमच्या लग्नातलं होतं. मी तेव्हाही आजच्यासारखीच होते. म्हटलं, "पोरगीबी ठोकून पाहता का आता?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं, विचार केला आणि म्हणाले, "नाही जी. माणसाचा आवाज तो बोलला की समजते. पोरगी पक्की हाये." लग्न ठरलं. कपाट मी अजून बदललेलं नाही. घरी आले की ते त्याच्याकडं पाहतात, पण ठोकत नाहीत. एवढा मान ते इहिणीला देतात.

वैशालीनं नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासमधली ऑफिसची नोकरी सोडली आणि घरीच क्रीम, उटणं, केसाचं तेल, ओठाला लावायचा मलम असलं बनवायला लागली, तेव्हा मी तिला साफ सांगितलं होतं की लोक तोंडाला फासायला पैसे देत नाहीत. देतात. मी चुकले. मोबाइलवरच्या एका दुकानात तिनं आपलं दुकान लावलं, आणि कुठं कुठं राहणाऱ्या पोरी तिच्याकडून काचेच्या बोटभर उंचीच्या डब्या मागवायला लागल्या. पण ती डबी वर्तमानपत्रात गुंडाळून साध्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाठवायची. डबी इथून निघायची ती शाबूत, आणि पोचायची ती चटणी होऊन. पोरी फोटो पाठवायच्या. पाकिटात काच, काचेत क्रीम, क्रीमला वर्तमानपत्राची शाई. मग त्या मोबाइलवाल्या दुकानाकडून कळवलं गेलं की पुढच्या महिन्यात फुटक्या मालाच्या तीन तक्रारी आल्या, तर तुमचं दुकान आमच्याकडून बंद.

जावई तसे चांगले आहेत, पण शिफ्ट करून आलेला माणूस फार विचार करत नाही. ते म्हणाले, "छोड दे ना. कोचिंगमध्ये परत घेतील तुले." वैशाली माझ्याकडं आली आणि बसून राहिली. रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "आई, मला तिथं परत नाही जायचं. तिथं दिवसभर मी दुसऱ्यांच्या पोरांची फीस का भरली नाही म्हणून फोन करत होते. इथं कोणी मला लिहितं, दीदी, अच्छा लगा. मुझे यही करना है."

मी म्हटलं, "मग फुटणार नाही असं बांध."

"अगं, इतकं सोपं असतं का?"

"सोपं नसेल तर तुझ्या सासऱ्याले सांग. त्याइले तोडफोडीचंच शिक्षण हाये."

मी हे चिडून बोलले होते. पण वैशालीनं घरी जाऊन खरंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता इवाई माझ्या दारात हेल्मेट घालून उभे. "चला इहीनबाई. दुर्गच्या बाजारात पॅकिंगचं दुकान हाये म्हणते. तुमाले गल्ली माहीत असन."

त्या दुकानदाराचे हाल मी डोळ्यांनी पाहिले. त्यानं शंभर पाकिटांचं बंडल पुढं टाकलं. इवाई म्हणाले, "बंडल बाद में. पहले नमूना. हर किसम का एक." दुकानदार म्हणाला, "चाचा, एक-एक नहीं मिलता." इवायांनी एक पाकीट उचललं, कानाला लावलं, आणि आतल्या अस्तरातला हवेचा फुगा अंगठ्यानं फट्कन फोडला. "अरे, फोड़ क्यों रहे हो?" "जो मेरे अंगूठे से फूटेगा, वो गाड़ी में बचेगा क्या?" दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. शेवटी त्यानं हात जोडून प्रत्येक प्रकारचं एकेक पाकीट फुकट दिलं आणि पुन्हा यायची गरज नाही असं सांगितलं.

जुनवानीच्या घराच्या गच्चीवर कपड्यांच्या तारेला चिमटे लावून ती पाकिटं ओळीनं टांगली. पुढं लागली तशी आणखी पाकिटं वैशाली मोबाइलवरून मागवायची. मी तोपर्यंत पाकीट म्हणजे पाकीट एवढंच समजत होते. एक नुसतं राखाडी प्लास्टिक, आत काही नाही. एक बाहेरून पांढरं प्लास्टिक आणि आतून बबल, पाण्यात टाकलं तरी ओलं होत नाही. एक बाहेरून खाकी कागद आणि आतून बबल. एक नुसत्या कागदाचं, आत मधाच्या पोळ्यासारखा कापलेला कागद भरलेला. आणि एक काळं, जाड, दुहेरी अस्तराचं, त्यात म्हशीचं शिंग पाठवलं तरी पोचेल असं. वैशालीनं मोबाइलमध्ये पाहून सहावं सांगितलं, "बाबा, गुलाबी पण येतं. ब्युटीचं सामान आहे, गुलाबी छान दिसेल."

"गुलाबी असलं की पडताना कमी लागते काय?"

"लागत नाही, पण पोरींना आवडतं."

"पोरीले आवडन. गाडीवाल्याले नाही आवडत."

मग परीक्षा सुरू झाल्या. गच्चीवरून फेकणं ही तर बालवाडी. भरलेलं गॅस सिलिंडर पाकिटावर एक दिवस उभं. मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर दुपारभर. स्कूटरच्या डिकीत टाकून जुनवानी ते दुर्ग, प्रत्येक गतिरोधकावरून मुद्दाम जोरात. मी मागं बसले होते. माझी तपासणी कोणी केली नाही. एका रविवारी मी त्यांच्याकडं गेले तर फार आग्रहानं, "बसा जी इहीनबाई, बसा" म्हणत मला दिवाणावरच्या नव्या गादीवर बसवलं. चहा दिला, बिस्किटं दिली, दुसरा चहा दिला. अर्ध्या तासानं म्हणाले, "उठा आता." मी उठले. गादीखालून चार पाकिटं काढली, एकेक उघडून पाहिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर काहीतरी लिहिलं.

"हे काय हो, इवाई?"

"कुरिअरच्या गाडीत आपल्या पाकिटावर दुसऱ्याचं पोतं पडते. पोत्यासारखं काहीतरी पायजे होतं."

माझी इहीन, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरात पोट धरून हसत होती. मी म्हटलं, "कॅलेंडरवर काय लिहिलं?" ते म्हणाले, "अंदाजे वजन." कॅलेंडर मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नातं तुटलं असतं.

हसणाऱ्या इहिणीचीही वेळ आली. फेकाफेकीत खरी क्रीम वाया जाते म्हणून इवाई डब्यांमध्ये क्रीमसारखं घट्ट काहीतरी शोधत होते, आणि त्यांना घरातलं रात्रीचं पिठलं सापडलं. बोटानं दाबून पाहिलं, क्रीमही दाबून पाहिली, आणि जाडी बरोबर तीच निघाली. आठ डब्या भरल्या, पाकिटात घातल्या आणि नागपूर, गोंदिया, बल्लारपूर जिथं जिथं आपली माणसं आहेत तिथं तिथं कुरिअरनं रवाना केल्या. पोचलं की फुटलं काय ते कळवा, एवढाच हुकूम. बाकीच्यांनी कळवलं. भंडाऱ्याच्या त्यांच्या बहिणीला मात्र हुकूम समजला नाही. सुनेनं बनवलेली क्रीम भावानं प्रेमानं पाठवली असं समजून ती चार दिवस तोंडाला पिठलं लावत होती. पाचव्या दिवशी फोन आला. इवायांनी तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर घेतला.

"दादा, लई मऊ झाला चेहरा! थोडा लसणाचा वास येते, पण अजून दोन डब्या धाड."

घरात कोणी कोणाकडं पाहिलं नाही. इवाई म्हणाले, "डबी फुटली होती काय?" "नाही." "झाकण लीक होतं?" "नाही रे, पक्कं होतं." "बस," म्हणाले, आणि फोन ठेवून कॅलेंडरवर खूण केली. इहीन तेव्हा ओरडली, "माझं पिठलं गेलं कुठं असं मी तीन दिवस विचारून राहिली होती ना तुमाले!"

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग तो महिना सुरू झाला आणि इवायांनी निकाल दिला. पहिला नंबर काळं, जाड, दुहेरी अस्तराचं. सगळ्यात मोठ्या मापाचं. डबीला आधी बबलचे चार वेढे, मग लहान पाकीट, मग ते मोठ्या पाकिटात, आणि वरून चिकटपट्टी चारी बाजूंनी. वैशाली म्हणाली, "बाबा, इतकं?" ते म्हणाले, "रुळाच्या कामात इतकं असं काही नसते. मोडला की नाही मोडला, एवढंच." तीस पाकिटं त्यांनी स्वतः बांधली. बांधताना जीभ दातांत धरलेली, शाळेतल्या पोरासारखी.

एकही डबी फुटली नाही. आणि पहिल्याच आठवड्यात दोन तक्रारी आल्या. रायपूरच्या एका बाईला पाकीट उघडताच येईना. कात्री चालेना, मग तिनं भाजी कापायची सुरी घातली, ती पाकिटातून, बबलमधून, दुसऱ्या पाकिटातून थेट तेलाच्या प्लास्टिकच्या बाटलीत. दुसरीनं ते दातांनी ओढलं, पाकीट एकदम सुटलं आणि डबी फरशीवर. मोबाइलवाल्या दुकानाला सुरी आणि दात कळत नाहीत. त्यांनी दोन्ही ठिकाणी लिहिलं, माल खराब. तीनपैकी दोन गेल्या, आणि महिन्याचे तीन आठवडे बाकी.

वैशाली सासऱ्याला एक शब्द उणा बोलली नाही. पण तिनं कोचिंगवाल्या मॅडमचा नंबर शोधून काढला, हे मला इहिणीनं फोनवर सांगितलं. आणि इवाई? इवाई गच्चीवर जाऊन तारेखाली बसले. टांगलेली पाकिटं वाऱ्यानं हलत होती. जेवायलाही खाली येत नाहीत, इहीन म्हणाली. मी रिक्षा करून जुनवानीला गेले आणि धापा टाकत गच्ची चढले.

"काय झालं, इवाई?"

"चौतीस वर्षांत माह्या हातून पास झालेला माल परत नाही आला, इहीनबाई. आता सुनेचं दुकान मीच बुडवून राहिलो."

दया करत बसायची मला सवय नाही. तिथं एक काळं पाकीट बांधून तयार पडलं होतं. मी ते उचललं आणि उघडायला लागले. माझी बोटं वातानं वाकलेली आहेत. पट्टी निघेना. नख गेलं, तरी निघेना. ते बघत राहिले. मग मी ते त्यांच्या मांडीवर टाकलं. "फुटू नये हे तुमी पाहिलं. उघडलं पायजे हे कोणी पाहायचं? रूळ कोणी उघडून पाहते काय? हे तर उघडायसाठीच धाडून राहिले ना?"

मग उठले, तारेवरचं खाकी कागदाचं पाकीट चिमट्यातून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "उघडा."

ते मी पटकन फाडलं. म्हणाले, "पांढरं?" पांढरं ताणलं, लांबलं, फाटलं नाही. "खाकी पुन्हा." पुन्हा फाडलं. त्या दिवशी मी गच्चीवर वीस-एक पाकिटं फाडली असतील. शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायचं सोडून पाहत होती. इवाई तिला म्हणाले, "हाताची टेस्टिंग हाये," आणि मला म्हणाले, "तुमच्या वाकड्या बोटानं जे उघडन ते भारतात कुठंबी उघडन." हे त्यांनी कौतुक म्हणून म्हटलं होतं. मी तसंच घेतलं.

मग खरी गोष्ट त्यांना सापडली, आणि ती जाडीत नव्हती. एका लहान खाकी पाकिटात डबी अगदी घट्ट बसली होती. त्यांनी ते कानाशी धरून हलवलं. आवाज नाही. परीक्षेत नापास झालेल्या मोठ्या खाकी पाकिटातली हलवली. टकटक. पुन्हा लहान हलवलं आणि एकदम खाली पळाले. जिन्यात ओरडत, "वैशाली! हलते म्हणून फुटते! जागा जास्त झाली की डबी आतल्या आत आपटते. लहान पायजे, बेटा, लहान! तिच्याच मापाचं!" डबीला बबलचा एकच वेढा, तिच्याच अंगाचं खाकी पाकीट, तोंडाला एकच पट्टी. क्रीमला एक माप, तेलाला एक माप. बस. वैशालीनं हलक्या आवाजात विचारलं, "बाबा, कोपऱ्यात एक छोटंसं गुलाबी फूल छापलं तर चालेल का?" इवायांनी कागद हातात घेऊन, ठोकून, वाकवून पाहिला. "फुलानं ताकद कमी होत नसन तर छाप."

बाकीचे तीन आठवडे त्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. मोबाइल वाजला की इहीन हातातलं पीठ तसंच ठेवून यायची. सगळी पाकिटं पोचली, फक्त एक राहिलं. गुवाहाटीचं. शेवटच्या दिवशी दुपारी मी तिथंच होते. जावयांनीही शिफ्ट बदलून घेतली होती, पण तसं कबूल केलं नाही, पोट दुखते म्हणाले. चार वाजता मोबाइलवर फोटो आला. डबी, शाबूत, कुणाच्या तरी तळहातावर. खाली लिहिलं होतं, मिल गया दीदी, इतना प्यार से पैक किया था. वैशालीनं वाचलं आणि आता मात्र रडली. इहिणीनं साखरेचा डबा शोधला. जावयांचं पोट बरं झालं. इवायांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, काचेवर तडा शोधला, आणि मग बापड्यानं डोळे पुसले.

आता दुकान जोरात आहे. वैशालीकडं दोन पोरी पॅकिंगला येतात, खाकी पाकिटं मापानं थेट घरी येतात, आणि इवायांना तपासायला काही उरलेलं नाही. ते तसं म्हणत नाहीत. पण रोज कुरिअरची गाडी येते तेव्हा फाटकाशी जातात, आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी आत येत नाहीत. परवा मी गेले तेव्हाही तिथंच उभे. म्हटलं, "गाडी गेली, इवाई. काय पाहून राहिले?"

म्हणाले, "रुळाची गाडी भरून निघाली की आमी चार-पाच जण असेच उभे राहत होतो, इहीनबाई. कुठं टाकले, कोणाची गाडी त्याच्यावरून गेली, चौतीस वर्षांत कोणी एक पोस्टकार्ड नाही लिहिलं. आन् ह्या पोरी पाहा. बोटभर डबीसाठी लिहितात, मिळालं म्हणून."

चहा झाला म्हणून इहीन आतून हाका मारत होती. मी फाटकाला टेकले आणि थोडा वेळ त्यांच्यासोबत त्या रिकाम्या रस्त्याकडं पाहत उभी राहिले.